‘जाम तान’ या उत्तराचा खुलासा

प्रति,
मा. प्रबंधक,
न्यायिक पुनर्विलोकन शाखा,
फेडरल न्यायालय, माँट्रियल.

विषय : निर्वासित म्हणून संरक्षण नाकारणाऱ्या निर्णयाचे पुनर्विलोकन व्हावे व तोवर माझी मायदेशी, माली देशात, पाठवणी थांबवावी, याबाबत.
संदर्भ : सुनावणी मंडळाचा नकाराचा आदेश.

महोदय,

मी आल्लाय सांगारे, जातीने फुलानी, धंद्याने गुराखी, सध्या या शहरात एका हॉटेलात भांडी घासतो. अक्षराबद्दल क्षमा असावी.

१. बंदूकधाऱ्यांनी आमचे गाव जाळले, थोरला भाऊ सांबा याला विहिरीपाशी मारले आणि माझे नाव घेऊन मला शोधू लागले, म्हणून मी पळालो. हे मंडळापुढे सांगणारच होतो. परंतु मी बसताच सभासद बाईंनी विचारले, "घरची मंडळी कशी आहेत?" मी म्हणालो, "जाम तान." म्हणजे सर्व कुशल. "आणि गावाकडे?" "जाम तान." या दोन उत्तरांवर बोट ठेवून ‘अर्जदारास धोका नाही’ असे आदेशात नमूद आहे.

२. नम्र खुलासा असा की, आमच्यात कोणी खुशाली विचारली की आधी कुशलच सांगावे लागते, घरात मढे झाकलेले असले तरी. पाहुणा बसतो, दूध पितो, मग "पण काय झालं..." असे म्हणून खरे बोलणे निघते. मी दुधाची वाट पाहत राहिलो आणि बाईंनी फाईल मिटली. बाहेर आल्यावर दुभाषी डाफरला, "अरे गाढवा, इथं विचारलं की रडायचं असतं!" मी स्वतःच्या हातांनी पायावर धोंडा पाडून घेतला, हे मान्य आहे.

३. माझी आई मावशीच्या गावी लपून आहे. फोनवर एकदा "जाम तान" म्हणून झाले की तिचे गाऱ्हाणे थांबत नाही : गुडघे, बाजरी, मामाने ढापलेले वासरू. गेल्या शुक्रवारी मी विचारले, "इन्ना, कशी आहेस?"
"जाम तान."
"गुडघे?"
"जाम तान."
"जवळ कोण आहे गं?"
"पाहुणे आलेत, बाळा. तू कधी येतोस विचारतायत."
आमच्याकडे येईल असा पाहुणा आता उरलेला नाही, महोदय.

तरी सुनावणी त्वरित व्हावी, आणि त्या वेळी मला ‘कसे आहात’ असे कोणीही विचारू नये, ही हात जोडून विनंती. विचारल्यास मी पुन्हा कुशलच म्हणेन.

आपल्या दारी उभा,
आल्लाय सांगारे
दि. ९ जानेवारी

सोबत : १. आदेशाची प्रत. २. सांबाच्या दफनाबाबत इमामांचे पत्र.