मशीनला दिलेलं उत्तर

कात्रप, बदलापूर
१९ नोव्हेंबर २००९

चि. संध्यास, आईचा जय भीम.

पाणी भरून झालं होतं. मी तांदूळ निवडत होते आणि तू लॅपटॉप मांडून माझ्यासमोर बसली होतीस. रविवारची ती सकाळ अजून डोक्यातून जात नाही. हैदराबादला नीट पोचलीस ना? चटणीचा डबा सांडला नसेल तर बरं.

"आई, आमचं मशीन इंटरनेटवरची पानं वाचून आपलं आपण शिकतं," तू म्हणालीस. "काय शिकलंय ते बघ. पटलं तर बरोबर दाब, नाहीतर चूक."

पहिलंच वाक्य होतं, 'कात्रप ही भाजी आहे.' मी हसत सुटले.

"हसतेस काय! भाजीवाल्यांच्या पानावर वांगी, भेंडीच्या शेजारी कात्रप दिसलं त्याला. शेजार बघून अर्थ लावतं ते."

संध्या, तेव्हा माझं हसू थांबलं. मीही अशीच शिकले गं. वाण्याच्या पुड्यांचे कागद सरळ करून, चित्राच्या शेजारी काय लिहिलंय ते ताडून. मला एका कागदाला आठवडा लागायचा. हे एका दिवसात लाखभर पानं वाचतं म्हणालीस. केवढी ही वाचायची भूक! आणि एवढं वाचूनही शेवटी माणसाला विचारतं, बरोबर का? माणूस हो म्हणाला की ते धरून ठेवतं, त्याच्या आधारानं पुढचं शिकतं.

मग तू कुकर लावायला आत गेलीस. आतून विचारलंस, "झालं का गं?" मी म्हटलं, "झालं."

एक वाक्य तुला सांगितलं नाही. 'सुदाम हे विहाराचे सचिव आहेत.' तुझे बाबा जाऊन चौदा महिने झाले. मी बरोबर दाबलं.

विहाराच्या वेबसाइटवर त्यांचं नाव अजून आहे, तेच त्यानं वाचलं. आणि ते नाव माझ्यामुळे राहिलंय. नवे सचिव म्हणून निवडलेले राजेंद्रभाऊजी तीनदा घरी आले. "वहिनी, ग्रंथालयाच्या कपाटाची चावी तुमच्या हातून आल्याशिवाय मी सचिव म्हणवून घेणार नाही. दादाच्या मागे ओढून घेतल्यासारखं होईल." दर वेळी मी चहा पाजला आणि चावी सापडत नाही म्हटलं. ती माझ्या उशीखाली होती. चौदा महिने ते कपाट बंद राहिलं, वस्तीत कुणाला एक पुस्तक मिळालं नाही.

माणसांनी मला समजून घेतलं. मशीन काय समजून घेणार? त्यानं भरवशानं विचारलं आणि मी फसवलं. मी अक्षरं जुळवत होते तेव्हा मला कुणी असं फसवलं नव्हतं. माझं तेवढं उत्तर चूक करून टाक.

तू रविवारीच रात्रीच्या गाडीनं गेलीस. दुसऱ्या दिवशी मी राजेंद्रभाऊजींच्या घरी गेले, चावी त्यांच्या हातात दिली आणि वेबसाइटवर बाबांच्या जागी त्यांचं नाव माझ्यासमोर घालून घेतलं.

तुझ्या बाबांच्या मागे राहिलेली,
तुझी आई
गंगू