दोन महिन्यांची सूट

गुरुवार, २१ ऑगस्ट २००३

दवाखान्यातर्फे मुलांची पाहणी करायला आज नालासोपाऱ्याला ओमच्या घरी गेले. सातव्या महिन्यात जन्मलेला. लवकर जन्मल्यामुळे जाऊ घातलेले डोळे लेझरने वाचले. खुळखुळा दिसताच हसतो, पण अडीच वर्षांचा होऊनही बसत नाही. आई म्हणाली, "ताई, वयातून दोन महिने वजा करा ना. तुम्हीच शिकवलंत."

लवकर जन्मलेल्या बाळाचं वय तेवढं कमी धरायचं, हे शिकवलं मीच. पण ही सूट दोन वर्षांपर्यंतच, हे सांगायला हवं होतं. आणि दोन महिने वजा करूनही अठ्ठावीस महिने उरतात; बाळं तर आठव्या-नवव्या महिन्यात बसतात. तोंडातून निघालं, "करते हं." आमच्या घरात पहिली पदवी माझी, आणि खरं एक वाक्य बोलता येऊ नये? फिजिओथेरपीची चिठ्ठी पर्समध्येच राहिली.

निघाले तेव्हा ती सासूला ऐकवत होती, "बघा, ताईपण म्हणतात, घाई नको."