क्लॅरिसला न सांगितलेलं

४ मार्च १९६१
कापलं! माझ्या नाटकातलं मार्थाचं भाषण — अख्खी दोन पानं! त्यावर सिनेमा काढायला लंडनहून आलेले दिग्दर्शक पेल्हॅमसाहेब म्हणे, "बाई, पडद्यावर माणसं इतकं बोलत नाहीत." उचलली जीभ, लावली टाळ्याला! चॅपलच्या हॉलमध्ये त्याच भाषणावर अकरा प्रयोग झाले आमचे.

लग्न करून निघालेल्या धाकट्या बहिणीला मार्था सांगते — जा, सुखी राहा, घर तुझंच आहे. मी माझ्या धाकटीला, क्लॅरिसला, हे सांगितलंच नाही. गिरणीत मागापाशी उभी राहून ती स्वतःच्या लग्नाचं सांगत होती आणि मी पाठ फिरवली. आमच्या विणखात्यात पाठ फिरवली म्हणजे कान मिटले. एकतीस वर्षं अबोला. राहते दोन गल्ल्या सोडून! नाटकाला आली नाही. सिनेमाला तरी येईल. म्हणून ते भाषण हवंच.

६ मार्च
कपडे वाळत घालताना सुचलं! प्रेक्षकांना ऐकू जावं म्हणून नाटकात आम्ही मागांचा आवाज बंद ठेवायचो. खऱ्या खात्यात कुणाला काय ऐकू येतंय? सगळं बोलणं एकमेकींचे ओठ वाचून. साहेबांना म्हटलं, माग धडधडू द्या. मार्था बोलेल — आवाजाशिवाय.

साहेबांनी टोपीच काढली. "बाई, शिकलात कुठं?"
"बाराव्या वर्षापासून गिरणीत."

१९ मे
आज चित्रीकरण. मार्थाचं काम करणारी मिस थॉर्न ओठ हलवतेय आणि म्हणतेय काय — "बूट चावतोय, भूक लागलीय, हा बाबा सोडत नाही!" आमच्या म्हाताऱ्या विणकरणी हसून लोळायच्या बाकी.
"थांबा!" मी ओरडले.
साहेब म्हणाले, "आवाजच नाही तर कळणार कुणाला?"
"अख्ख्या गिरणीवाल्या लँकेशायरला!"

२० मे
सातव्या खेपेला जमलं. शब्द न् शब्द माझा. हसणाऱ्याच डोळे पुसत होत्या.

१२ जानेवारी १९६२
गावात सिनेमा लागला. पडद्यावर माझं नाव — एवढाल्या अक्षरांत! मार्थाचा प्रसंग आला तसं थिएटर चिडीचूप, कुणी खोकलंसुद्धा नाही. परगावचे पेपरवाले तेवढे एकमेकांकडे बघत होते. आम्ही वाचत होतो.

क्लॅरिस तिसऱ्या रांगेत होती. संपताच उठली, गेली. माझ्याकडे बघितलंही नाही.

१३ जानेवारी
सकाळी भांडी घासतेय, तर खिडकीबाहेर क्लॅरिस. मध्ये काच. हाक नाही, टकटक नाही. नुसते ओठ —
"ती बाई छान बोलली. आता तू बोल. आणि दार उघड, गारठलेय!"