डोक्यानं न घेतलेला चेंडू

क्नुरूफ, ४ डिसेंबर

चिरंजीव ब्रुनोस,

बापाचा आशीर्वाद. घरी सगळे बरे आहेत, म्हणजे मी आणि तुझी आई. आज संत बार्बाराचा, म्हणजे आम्हा खाणवाल्यांचा दिवस, त्यामुळे खाणीचा बँड उजाडायच्या आत आपल्या खिडकीखाली वाजवून गेला. ट्रंपेटवाला नवीन आहे आणि बेसूर आहे. मी काळा गणवेश चढवला, तुऱ्याची टोपी घातली, पण कोटाची बटणं काही लागेनात. आई म्हणाली, कापड आटलं असेल. ही बाई तोंडावर खोटं बोलायला किती सरावली आहे, हे मला याच वर्षी कळलं.

तेच लिहायला बसलोय. फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस. "सगळं मस्त, बाबा" म्हणतोस आणि आईला द्या म्हणतोस. मग ती फोन घेऊन कोठीच्या खोलीत जाते. काकडीच्या लोणच्याच्या बरण्यांमध्ये उभं राहून एवढं काय कुजबुजायचं असतं? मी दार उघडलं की लगेच मोठ्यानं विचारते, "तिकडे ऊन आहे का रे?" इटलीत, समुद्रकाठी, ऊन नसेल तर काय असेल?

आधी वाटलं, तिकडची एखादी मुलगी पसंत केली आहेस आणि मला सांगायला घाबरतोयस. मग वाटलं, तुझ्या त्या गोडबोल्या एजंटनं तुला कुठेतरी अडकवलंय. पण कुठेतरी पाणी मुरतंय, एवढं नक्की होतं. त्यात टीव्ही बिघडला. सगळा नाही. स्वयंपाकाचा चॅनल चालू, प्रार्थनेचा चालू, फक्त तुझे सामने दाखवणारा बंद. आई म्हणाली, अख्ख्या गल्लीतच बिघाड आहे. मी गल्ली ओलांडून गेरार्डकडे गेलो. त्याच्याकडे झकास दिसत होतं.

"तुझाच चॅनल बंद केलाय कुणीतरी," गेरार्ड म्हणाला. "बिल कोण भरतं?"

"ब्रुनो."

"मग त्यालाच विचार, म्हाताऱ्या. बापाला दाखवण्यासारखं खेळत नसेल हल्ली."

त्याच्या नाकावर एक ठेवून द्यावीशी वाटली, पण चॅनल त्याच्याकडे होता. कोचावरचं त्याच्या कबुतरांचं खाद्य झटकलं आणि बसलो.

तर गेल्या रविवारी मी तुझा सामना पाहिला. वाईट खेळत नव्हतास. पोरांना ओरडून रांगेत ठेवत होतास, योग्य वेळी सगळ्यांना पुढे काढत होतास, त्यांचा तो उंच गडी पुन्हा पुन्हा ऑफसाइडमध्ये सापडत होता. मग कॉर्नर आला. चेंडू सरळ तुझ्या कपाळावर येत होता आणि तू खांदा वळवून तो मागे जाऊ दिलास. गेरार्ड म्हणाला, मागच्यानं मागितला असेल. पुढच्या कॉर्नरलाही तेच. त्याच्या पुढच्याला तू गोलच्या खांबाजवळ जाऊन उभा राहिलास, जिथे संघातला सगळ्यात बुटका उभा राहतो.

ब्रुनो, खाणीच्या संघात मी तुझ्याच जागेवर खेळलोय. अंगणात गालिचे झोडायच्या लोखंडी दांडीखाली तुला कपाळानं चेंडू मारायला मी शिकवलं, डोळे उघडे ठेवून. रविवारी तुझे डोळे मिटलेले होते. बाकीच्या जगाला फसव, मला नको.

टीव्ही बंद करून गेरार्ड कोचावरचे उरलेले दाणे एकेक करून वेचू लागला. मी विचारलं, काय झालं? तेव्हा त्यानं तोंड उघडलं. उन्हाळ्यात माझ्या नामदिनाला, माझ्या नावाच्या संताच्या सणाला, तू आला होतास, आठवतं? घरातसुद्धा काळा चष्मा लावून बसलास, डोळे आलेत म्हणालास. त्या दिवशी तू गेरार्डला विचारलंस, "काकू दिसत नाहीत, कुठे आहेत?" त्याला वाटलं, तुझी जीभ घसरली. म्हणून तो कुणालाच बोलला नाही. अरे, गेल्या वर्षी त्याच्या बायकोची, हेडविग काकूची, शवपेटी खांद्यावर घेणाऱ्यांत तू होतास.

मी घरी आलो तो थेट कोठीत जाऊन बरण्यांमध्ये उभा राहिलो. "ट्रूडा," म्हटलं, "इकडे ये. तुला इथेच बोलायची सवय आहे ना? आता माझ्याशी बोल."

ती रडली. मग सगळं बोलली. वसंतात सरावात कुणाच्या तरी डोक्याशी डोकं आदळलं. तेव्हापासून चेंडू डोक्यानं घेतला की तुझ्यापुढे अंधारी येते. एका सामन्यात आपला गोल कुठला, तेच तुला कळेना. आणि हे तू डॉक्टरांपासून लपवतोयस.

"जूनमध्ये नवा करार होईपर्यंत फक्त," ती म्हणाली. "शपथ घातलीय त्यानं. चॅनल पण त्यानंच बंद करायला लावला. म्हणाला, बाबांना एका नजरेत कळेल."

"आणि जूनपर्यंत समोरच्यानं त्याच्या डोक्याला डोकं लावलं तर?"

ती बरण्यांची झाकणं घट्ट करू लागली. याचं उत्तर तुझ्याकडेही नाही. असतं तर तू चॅनल बंद केला नसतास.

आता मुद्द्याचं. इतका वेळ बँड आणि बटणं लिहीत बसलो, कारण हे लिहायला हात उठत नव्हता. खाणीत उतरताना प्रत्येकाला एक पितळी बिल्ला मिळायचा. तो दाखवल्याशिवाय खाली सोडत नसत. कुणाला चक्कर येत असली आणि तो लपवत असला, तर आम्ही साहेबाकडे चुगली करत नसू. आम्ही त्याचा बिल्ला लपवायचो. तो आयमाय काढायचा, त्याचा रोज बुडायचा, पण तो वर राहायचा. गेरार्डनं एकदा माझा बिल्ला स्वतःच्या बुटात घातला होता. किती तरी दिवस मी त्याचं तोंड पाहिलं नाही.

तुझा बिल्ला मी कुठून शोधणार होतो? गेरार्डची बहीण लुत्सिया, जिनं इटलीत म्हाताऱ्यांची सेवा करण्यात अर्धा जन्म काढला, ती आज जेवायला आली होती. जेवणानंतर तिनं आपल्या स्वयंपाकघरातून तुमच्या क्लबच्या डॉक्टरला फोन लावला. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, फक्त तुझं नाव तेवढं कळायचं. मध्येच ती विचारायची, "उलट्या होतात का? झोप लागते का?" मी तुझ्या आईकडे बघायचो. ती चुलीकडे तोंड करून उभी होती, तशीच उत्तरं देत होती. तिनं आम्हाला थांबवलं नाही.

शेवटी लुत्सियानं फोनवर हात ठेवला. "तो म्हणतोय, तपासण्या होईपर्यंत ब्रुनोला मैदानात पाऊल ठेवू देणार नाही. आणि विचारतोय, हे वडिलांनी सांगितलं असं त्याला सांगायचं का?"

"सांग म्हणावं," मी म्हटलं. "नावानिशी सांग."

म्हणजे हे पत्र हाती पडेल, तोवर तू माझ्याशी बोलणं टाकलेलं असशील. आईवर राग धरू नकोस, शपथ मोडली ती माझ्या धाकानं. एकतिसाव्या वर्षी डोक्याला मार लागलेल्या बचावपटूला कोण करार देतं, हे मला कळतं. तू लहानपणापासून एवढी एकच गोष्ट मागितलीस आणि ती मी तुझ्या हातातून काढून घेतली. तुझ्या डोक्याबद्दलची माझी भीती खोटी निघू दे, अशी मी आज चर्चमध्ये गुडघे टेकून भीक मागितली. मी भ्यालोय, पोरा. खाणीत कधी भ्यालो नव्हतो इतका.

तू फोन कर आणि काय वाटेल ते बोल. वाटेल तितक्या शिव्या दे. फक्त नाव घेऊन दे. माझं नाव अजून तुझ्या लक्षात आहे, एवढं तुझ्या तोंडून ऐकू आलं की मला झोप लागेल.

तुझा बाप,
आलोइज