बंद पाठीचा, मोकळ्या पाठीचा

अण्णा, मी हेडफोन घेतला. तुमच्या नातीनं मला पुण्याच्या दुकानात नेलं आणि हट्टानं घ्यायला लावला. तुम्ही गेलात तेव्हा ही माझ्या पोटात होती. आता मलाच हाताला धरून रस्ता ओलांडायला लावते. किंमत सांगत नाही. सांगितली तर तुम्ही असाल तिथून उठाल आणि परत करून ये म्हणाल. पण हेही माहीत आहे की तो तुमच्या हातात ठेवला असता तर तुम्ही आधी पायजम्याला दोन्ही हात नीट पुसले असते, मग त्याला उलटापालटा करून कानाशी न लावताच म्हणाला असतात, "वजनदार आहे."

झालं असं, की मागच्या वर्षी मी शाळेतून रिटायर झाले. परतूरच्या घरात मी आणि आई, दोघीच. रिकामा वेळ हाताशी आल्यावर तुमच्या कॅसेटींच्या दोन्ही ट्रंका काढल्या. वाटूरच्या आसपासच्या गावांत जाऊन तुम्ही भरून आणलेली भजनं, भारुडं, लग्नातली गाणी, शाळांची गॅदरिंगं. बऱ्याच कॅसेटींवर तुमच्या अक्षरात नुसतं गावाचं नाव आहे. कोण गातंय, कधीचं आहे, काही नाही. लेकीनं पुण्यात कुणाकडून तरी ते सगळं कॉम्प्युटरवर चढवून आणलं. आता एकेक ऐकायचं आणि वहीत लिहायचं, असं मी ठरवलं. पण मोबाईलबरोबर मिळालेल्या कानातल्या बोंडांतून गाणारा आणि बाहेर भुंकणारा कुत्रा एकाच तोंडानं ओरडल्यासारखे वाटायचे. लेक म्हणाली, "आई, आयुष्यभर स्वतःसाठी काही घेतलं नाहीस. आता एक चांगली वस्तू घे."

दुकान कसलं, मऊ गालिच्याची एक शांत खोली. एका मुलीनं मला खुर्चीत बसवलं, पाणी दिलं आणि टेबलावर दोन हेडफोन ठेवले. ती अगदी शिक्षिकेसारखी समजावून सांगत होती, म्हणून मला आवडली. म्हणाली, "काकू, याची पाठ बंद आहे. बाहेरचं आत येत नाही, आतलं बाहेर जात नाही. आणि याची पाठ मोकळी. इथं बघा, नुसती जाळी आहे. आवाज मागून श्वास घेतो. पण खोलीतलं सगळं ऐकू येतं, आणि शेजारी बसलेल्यालाही तुमचं गाणं ऐकू जातं." मग म्हणाली की मोकळ्याला तीनशे ओहम आहेत, म्हणजे विजेला अडथळा जास्त, म्हणून त्याला वेगळा अ‍ॅम्प्लिफायर लागेल. ओहम म्हटल्यावर मी सावरून बसले. तुमच्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानातला तो शब्द किती वर्षांनी कुणाच्या तोंडून ऐकला! मी त्या जाळीवरून बोट फिरवलं आणि मला हसू आलं. लेक म्हणाली, "काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही, चहाच्या गाळणीसारखी दिसते." गाळणीचं पुढचं तिला सांगितलं नाही. तिलाच काय, मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही.

तो तुमचा काळा हेडफोन, हैदराबादच्या जुन्या बाजारातून आणलेला. त्याच्याइतकं तुम्ही दुकानातल्या कशालाच जपलं नाही. वाटूर फाट्यावर आपलं दुकान पुढं, घर मागं, मधे पत्र्याचं दार. रेडिओ दुरुस्त झाला की तुम्ही तो कानाला लावून डोळे बारीक करायचे आणि बाहेर एसट्या कितीही बोंबलोत, तुम्हाला पत्ता नसायचा. मी सातवीत होते. त्या दिवशी तुम्ही सामान आणायला मंठ्याला गेला होतात आणि मला दुकानात बसवून गेलात. तुमची पाठ वळली की मी हेडफोन घालायची, हे तुम्हाला माहीत होतं आणि तुम्ही माहीत नसल्यासारखं करायचे. मी आदल्या आठवड्यातलं भारूड लावलं आणि डोळे मिटले. त्या जाड गाद्यांच्या आत ढोलकी अशी घुमायची की छातीत कुणीतरी चालतंय असं वाटायचं.

खांद्यावर कुणीतरी जोरात हात मारला म्हणून डोळे उघडले. मेंढ्या घेऊन फिरणारे ते म्हातारे बाबा, आपला रेडिओ न्यायला आलेले. त्यांचे ओठ हलत होते. मी हेडफोन काढला तेव्हा ऐकू आलं, "पोरी, आतून धूर येऊन राह्यला! वास कशाचा हाय?" मी दार ढकललं. आई चुलीपाशी आडवी पडलेली, डावा हात निखाऱ्यांवर, लुगड्याचा काठ पेटलेला. तिला फिट आली होती. बाबांनी स्वतःची घोंगडी तिच्यावर टाकली, तिला ओढून बाजूला घेतलं. मी दारातच उभी होते. माझ्या गळ्यात लांब वायरीचा हेडफोन लटकत होता आणि त्यातून बारीक आवाजात भारूड चालूच होतं.

मग जीप, मग जालन्याचा दवाखाना. तुम्ही संध्याकाळी धावत आलात. अंबडहून मामाही आले. आईचा हात बांधलेला बघून मामांचा तोल गेला. सगळ्या वॉर्डासमोर ओरडले, "तुमी कुठं व्हता? बाई जळून राह्यली अन् तुमी कुठं व्हता?" तुम्ही माझ्याकडे एकदा बघितलं. मी भिंतीला चिकटून उभी. तोवर मी तुम्हाला सगळं सांगून टाकलेलं होतं. मग तुम्ही मामांना म्हणालात, "दुकानातच व्हतो. कानाला हेडफोन व्हता. ऐकू आलं न्हाई."

तुम्ही मंठ्याला होतात, अण्णा. तिकीट तुमच्या खिशात असेल तेव्हा. मामा म्हणाले, "मंग बसा आता गाणे ऐकत," आणि त्यानंतर ते आपल्या घरी जेवायला थांबले नाहीत. आईला भेटायला यायचे, अंगणातूनच जायचे. तुम्ही गेलात त्या दिवशी आले तेवढेच.

मला तुम्ही एका शब्दानं बोलला नाहीत. मी हेडफोनला हात लावणं सोडलं. रेडिओ लागला की उठून बाहेर जायची. आई दवाखान्यातून आली, आणि थोड्या दिवसांनी शाळेतून येऊन बघते तर तुम्ही हेडफोन उघडून बसलेले. पाठीमागची दोन्ही झाकणं काढलेली, आतला कापूस काढून टाकलेला, आणि त्या जागी आईच्या दोन गाळण्यांची जाळी कापून नीट बसवताय. मी रडायलाच लागले. "बिघडवला तुम्ही! एवढा चांगला बिघडवला!" तुम्ही स्क्रू पिळत म्हणालात, "बिघडला न्हाई. आता दोन्हीकडचं ऐकू येतं." मग तो माझ्या डोक्यावर ठेवलात. ढोलकी पातळ झाली होती. पण मला दाराची कडी ऐकू येत होती, आतल्या भांड्यांचा आवाज येत होता, तुमचा पण. तुम्ही म्हणालात, "हा तुझा. आन् ऐकणं सोडायचं न्हाई. ऐकणं काय पाप हाय का?" आयुष्यात तुम्ही मला रागावलात असं म्हणायचं तर ते एवढंच वाक्य. त्यानंतर तुम्ही कितीतरी वर्षं त्याच पातळ ढोलकीवर लोकांचे रेडिओ दुरुस्त केलेत.

पुण्याच्या त्या खोलीत मी दोन्ही हेडफोन तीन-तीनदा घातले. खरं सांगायचं तर आधी मन बंद पाठीच्यावर बसलं होतं. गाद्या चामड्याच्या, कानाभोवती घट्ट. घातला की दुकानच नाहीसं होतं. मृदंगावरची थाप अशी येते की बोटं मोजावीत. मोकळ्याच्या गाद्या मखमली, डोक्याला हलका, आपल्याकडच्या उन्हाळ्यात घाम कमी येईल असा. खालचा घुमारा मात्र कमी. लेक म्हणत होती, "आई, बंद घे. घरासमोर दिवसभर ट्रॅक्टर. मोकळ्यातून काय ऐकणार तू?" तिचं बरोबर होतं. पण मला आई डोळ्यासमोर दिसत होती. आता आईला फिट येत नाही, गोळ्या सुरू झाल्यापासून नाही आली. पण ऐंशीच्या घरातली बाई, घरात एकटी उठते, बसते.

मी आईला फोन लावला. शेजारीण तिच्याजवळ बसली होती, तिनं फोन आईच्या हातात दिला.

"घेतलं का कानाचं?" आई म्हणाली.

मी तिला दोन्ही प्रकार सांगितले. "बंदवाला चांगला आहे गं. पण तो घातला तर तुझी हाक ऐकू येणार नाही."

"माझी हाक?" आई म्हणाली. "कवाची हाक म्हणून राह्यलीस तू?"

लेक समोर होती, ती दुकानातली मुलगी होती. आईच म्हणाली, "त्या दिशी मी हाक मारलीच न्हवती बाई. फिट आल्यावर तोंडातून आवाज निघतो व्हय? दार उघडं असतं तरी कुनाला काय ऐकू आलं असतं?"

"तुला माहीत होतं? कानाला मी लावलेला होता ते?"

"आता गं! पडायच्या आधी मीच तर तुला बोलवायला आल्ते, पीठ मळून दे म्हणायला. तू डोळे मिटून बसल्ती. असं तोंड झालं व्हतं तुझं... म्हणलं, ऐकू दे पोरीला. तशीच माघारी गेले."

"अण्णांना सांगितलं होतंस हे?"

"दवाखान्यातच सांगितलं. तर म्हणले, तिला काय बोलू नको, तिच्या डोक्यातून आपोआप जाईल." मग आई हसली. "न्हाई गेलं व्हय? मला वाटलं गेलं आसंल. घे तुला पायजे ते, बिलकुल माझा विचार करू नको."

मी फोन ठेवला. त्या मुलीनं न विचारता आणखी पाणी आणून दिलं. अण्णा, तुम्ही चुकलात एवढंच मला वाटलं. तुम्ही दोघं मला बोलला असतात, रागावला असतात, तर मला तोंड उघडता आलं असतं. तुमच्या दोघांच्या मायेत मी सेहेचाळीस वर्षं गप्प बसले. हे तक्रार म्हणून लिहीत नाही. तुम्ही असतात तर तुमच्यासमोर बसून हेच म्हटलं असतं आणि तुम्ही काहीतरी पिळत ऐकलं असतं.

मग मी मोबाईल दुकानातल्या अ‍ॅम्प्लिफायरला जोडून तुमची एक कॅसेट लावली, जिच्या सुरुवातीला तुमचा आवाज आहे. तुम्ही कुणाला तरी म्हणताय, "हं, सावकाश. चालू झालं." आधी बंद पाठीच्यात ऐकली. तुमचा आवाज माझ्या डोक्याच्या मधोमध आला, इतका जवळ की मी घाबरले. इतक्या जवळ तुम्ही मला कधी बोलला नव्हता. मग मोकळ्यात ऐकली. तुम्ही दोन हातांवर होतात. मागं देवळाचं अंगण होतं, कुणीतरी खोकत होतं, आणि तुम्ही समोर, दुकानात टेबलापलीकडं बसून बोलायचे तसे. मी म्हटलं, हाच द्या. लेक म्हणाली, "अगं, आजीनं तर सांगितलं ना, तिचा विचार करू नको." मी म्हटलं, तिच्यासाठी नाही घेत.

आता घरी रोज दुपारी ऐकते. ट्रॅक्टर ऐकू येतात, खरं आहे. आई शेजारच्या पलंगावर पडून असते आणि जाळीतून झिरपणारं तिलाही थोडं पोचतं. परवा एका लग्नातल्या गाण्याला एकदम म्हणाली, "ही तर आमच्या शेजारची, हिचा सूर असाच वर चढायचा." मी वहीत लिहून घेतलं. कितीतरी कॅसेटी तिच्यामुळं ओळखू यायला लागल्यात.

आणि एक सांगायचं राहिलं, त्यासाठीच हे लिहायला बसले होते. सोमवारी मी अंबडला गेले, मामांकडे. त्यांना आता दिसत फारसं नाही, ऐकू चांगलं येतं. एसटीत बसताना ठरवलं होतं, त्या दिवशी हेडफोन माझ्या कानाला होता हे गेल्या गेल्या सांगायचं, चहा यायच्या आधी. मी हेडफोन सोबत नेला होता. तो त्यांच्या हातात दिला आणि बोलतच सुटले: बंद पाठीचा कसा, मोकळ्या पाठीचा कसा, जाळी कशाला, ओहम म्हणजे काय. तासभर. मामा जाळी चाचपत ऐकत होते. शेवटी म्हणाले, "तुझ्या बापाला लय आवडलं असतं हे. मी बी लय तोडून बोललो त्याला तवा."

मी म्हटलं, "मामा, चहा गार होतोय." आणि पाचच्या गाडीनं परत आले.