सुपारीचा घोडा

गोंदिया, रविवार, २ डिसेंबर २०१२

माझ्या पानडब्यातल्या अखंड सुपारीचा आज घोर अवमान झाला. पूजेत जिला आपण गणपती मानतो, तिचा मीनलने लढाईचा घोडा केला! बिरसीला विमान चालवायला शिकणारी माझी लेक आणि तिचा वर्गमित्र रोहित फासे टाकून कल्पनेतले युद्ध खेळत होते. रोहित गोष्ट सांगत खेळ चालवणारा, मीनल स्वार. माणूस कमी पडला म्हणून घोड्याच्या वतीने फासा टाकायला मी. शाळेत घोड्याचे अश्व, हय, तुरग सगळे प्रतिशब्द पाठ केले, शेवटी पदवी ही मिळाली: घोडा!

पुलावर भालेकरी अडवून उभे. रोहित म्हणाला, "काका, घोडे की हिम्मत देखो." माझा फासा पडला दोन. म्हणजे घोडा बिथरला.

"मीनल, अभी भी लौट सकती है."

"मागे कायले फिरू? मारली टाच!"

"अवो बाई, घोडा नाही म्हणून राहिला ना!" मी म्हणालो.

"घोड्याने बोलू नये, बाबा."

पुढच्याच फाशात घोडा आणि स्वार दोघेही नदीत. सुपारी घरंगळत कपाटाखाली गेली आणि मीनल हसत दुसरी घ्यायला डब्याकडे वळली. खेळच तो. खेळच ना?

उद्या सकाळी ती पहिल्यांदा एकटी विमान उडवणार आहे. शेजारी शिक्षक नसेल. सुपारी अजून कपाटाखालीच आहे, मी काढली नाही. विमानाने नाही म्हटले, तर माझी पोरगी मागे फिरेल का? मला भीती वाटते आहे.