अडसराची पत्ती

बाबा, आपल्या घरात पत्र लिहिण्याची रीत कधीच नव्हती. मी बुलढाण्याला तंत्रशाळेत होतो तेव्हाही तुम्हांला एक ओळ लिहिली नाही. तुम्हांला वाचता येत नव्हते, आणि गावातल्या कुणाकडून वाचून घेणे तुम्हांला आवडले नसते. तुम्ही गेलात त्याला आता इतका काळ लोटला आहे की तुमचा आवाज आठवायचा तर मला तुमचे एखादे वाक्य आधी मनात म्हणून पाहावे लागते. आयुष्यभर मी शिकवत आलो. कानस कशी धरावी, पोलादाला पाणी कसे द्यावे, रंगावरून ताव कसा ओळखावा, हे समजावून सांगण्यावाचून मला दुसरे काही नीट जमले नाही. तेव्हा तो पहिला चाकू आज पुन्हा एकदा तुम्हांलाच समजावून सांगतो. तुम्हांला तो तेव्हाच पुरता समजला होता, हे ठाऊक असूनही.

संत्र्याची कलमे बांधणाऱ्या टोळीत सुरी चालवणारे थोडे असतात आणि बांधणारे पुष्कळ. सुरीवाला जंबेरीच्या, म्हणजे ज्यावर संत्रे चढवतात त्या रानलिंबाच्या, रोपाच्या खोडावर एक आडवा काप घेतो, त्याच्याखाली एक उभा. मग पात्याची पाठ त्या कापात घालून साल दोन्ही अंगांनी हलकेच उचलतो आणि संत्र्याच्या फांदीवरून सोलून घेतलेला डोळा, म्हणजे ज्यातून पुढे फांदी फुटते तो अंकुर, त्या सालीच्या आत सरकवतो. मागून येणारी बाई किंवा पोर केळीच्या सोपाची, म्हणजे खोडाच्या सालपटाची, ओली पट्टी त्यावर गुंडाळत जाते. काप घेताना जोर धारेवर येतो, म्हणजे पाते उघडण्याच्या दिशेने. साल उचलताना तो पाठीवर येतो, म्हणजे पाते मिटण्याच्या दिशेने. साधा घडीचा चाकू नुसत्या कमानीच्या ताणावर उघडा राहतो. त्याला ही दुसरी दिशा सोसत नाही. बिनघडीची सरळ सुरी का वापरली नाही, असे कुणी विचारील. पण उकिडवे बसून रोपामागून रोप सरकत जाणाऱ्या माणसाच्या कमरेला उघडे पाते परवडत नाही, आणि एकदा मातीला लागलेली धार डोळा काढण्याच्या कामाची राहत नाही. त्या हिवाळ्यात वरवट बकालकडच्या बागेत एका जून खोडाची साल सुटेना, तुम्ही जोर केला, आणि पाते तुमच्या उजव्या हाताच्या तर्जनीवर मिटले. जखम यथावकाश भरून आली. बोट मात्र वळेनासे झाले.

मुकादमाने तुम्हांला बांधणाऱ्यांच्या ओळीत बसवले. तो वाईट माणूस नव्हता. पुढच्या हिवाळ्यात साल सुटू लागेल तेव्हा माझ्यासमोर एक डोळा लावून दाखव, तुझी जागा तुलाच आहे, नाहीतर मला सुरी माझ्या भाच्याच्या हाती द्यावी लागेल, असे त्याने चारचौघांत सांगितले होते. गावात तुम्हांला नावाने हाक मारणारे थोडेच. बाकी सगळ्यांना तुम्ही कलमवाले. ते वर्षभर लोक तुम्हांला कलमवाले म्हणतच राहिले आणि प्रत्येक हाकेला तुमची मान थोडी खाली जात असे. मी सुट्टीत घरी आलो की ते मला दिसे.

महाराष्ट्र राज्य नुकतेच झाले होते. आमच्या कार्यशाळेत इंचांच्या पट्ट्यांशेजारी मिलिमीटरच्या नव्या पट्ट्या आल्या होत्या आणि मास्तर एकाच वाक्यात सूतही बोलत आणि मिलिमीटरही. वीजकाम शिकवणाऱ्या मास्तरांकडे लढाईच्या काळातला एक चाकू होता, नांदुऱ्याच्या बाजारात जुन्या मालात मिळालेला. त्यात धारेच्या पात्याशेजारी पेचकसाचे एक पाते होते, आणि पेचकसाला दोन्ही दिशांनी जोर लागतो म्हणून ते मिटू नये अशी सोय त्यात केलेली होती. मुठीच्या आत एका अंगाला पितळेची पातळ पत्ती. तिचा पुढचा भाग चिरून मोकळा केलेला आणि किंचित आत वाकवलेला. पाते मिटलेले असते तेव्हा ही पत्ती त्याच्या कडेला दबून राहते. पाते पुरते उघडले की तिला आत यायला जागा होते, ती टक् करून पात्याच्या बुडामागे उभी राहते, आणि दाराला आतून अडसर घालावा तसे पाते अडते. मिटायचे असेल तेव्हा अंगठ्याने पत्ती बाजूला सारायची. इतकी साधी गोष्ट, बाबा. मी ती पाहिली आणि तुमचे बोट मला आठवले. हेच कुलूप धारेच्या पात्याला घालता येईल का, असे मी मास्तरांना विचारले. करून पाहा म्हणाले, आणि वर्ग सुटल्यावर शेगडी वापरण्याची परवानगी दिली.

पहिली पत्ती मी साध्या पत्र्याची केली. ती वाकवली तशीच राहिली, परत उसळेना. दुसरी जुन्या करवतीच्या पोलादाची केली आणि पाणी दिल्यावर तशीच कडक ठेवली. पहिल्याच दाबाला ती काचेसारखी तुटली. तिसरीला पाणी देऊन, गरम वाळूत ठेवून, अंगावर निळा रंग चढेपर्यंत तिचा कडकपणा उतरवला, आणि ती जिवंत झाली. मग खरे अवघड काम सुरू झाले. पात्याच्या बुडाला जिथे पत्ती येऊन टेकते तिथे अगदी बेताचा उतार लागतो. उतार नसेलच तर थोडी झीज होताच पाते डुलू लागते. जास्त झाला तर जोर येताच पत्ती घसरते, कमी झाला तर ती अशी रुतून बसते की अंगठा सोलून निघतो. मी काजळी लावायचो, पाते उघडायचो, काळा डाग कुठे उमटला ते पाहायचो आणि तेवढ्याच ठिकाणी कानशीचा हलका हात मारायचो. मुठीला अंजनाचे लाकूड लावले. त्या दिवसांइतका आनंदी मी पुढे कधी झालो नाही, हे तुम्हांला सांगायला हवे.

घरी आलो की तुम्ही विचारत असा, "काय बे, तुह्या पत्तीचा रुसवा गेला का नाई अजून?" मी पिशवीतून अर्धवट चाकू काढून बसलो की माय चुलीपासूनच टोमणा मारी, "पत्ती पाहता पाहता याच्यासाठी पोरगी पाहाची राहून जाईन." तुम्ही हसत असा. एका संध्याकाळी मी तुम्हांला सगळी रचना उलगडून दाखवली. पत्ती या अंगाला का आहे ते सांगितले. मूठ आवळली की बोटे ज्या दिशेने वळतात त्याच दिशेने पत्ती आत ढकलली जाते. म्हणजे मूठ जितकी घट्ट, तितका अडसर पक्का. हे वाक्य मी दोनदा म्हटले, कारण ते मला फार आवडले होते. तुमचा डावा हात गुडघ्यावर होता. तुम्ही त्याची मूठ हळूहळू मिटली, उघडली, पुन्हा मिटली. थंडी पडू लागली होती. मग म्हणालात, "समजलं. बेस केलं तू."

गोठ्यामागे तेव्हा बोरीच्या आणि जंबेरीच्या फांद्यांचे तुकडे पडलेले असत. प्रत्येकावर तोच आडवा-उभा काप. तुम्ही हात बसवत आहात हे पाहून मला हुरूप आला. उभा काप दुसऱ्याच अंगाला झुकलेला होता. वळत नसलेल्या बोटामुळे तो तसा पडत असेल, असे मी स्वतःला समजावले. समजावण्यात मी तेव्हाही हुशार होतो.

साल सुटू लागली तेव्हा मी चाकू घेऊन तुमच्याबरोबर बागेत आलो. ती सकाळ अजून जशीच्या तशी आहे. टोळी भोवती जमली आहे. तुम्ही उजव्या हाताने पाते उघडता, टक् असा आवाज होतो, आणि खोडावर पात्याची पाठ टेकवून सगळा जोर देता. पाते हलत नाही. मुकादम चाकू हातात घेऊन स्वतः दाबून पाहतो आणि म्हणतो की कलमवाल्याच्या पोराने चाकूला दारच बसवले. सगळे हसतात, मीही. मग तुम्ही रोपापाशी उकिडवे बसता आणि काप घेऊ लागता. तर्जनी वळत नाही. टोक भरकटते, काप वाकडा जातो. मग सगळ्यांकडे पाठ करून चाकू डाव्या हातात घेता, आणि दुसऱ्या रोपावर दोन्ही काप अगदी स्वच्छ घेता. आता साल उचलायची. तुम्ही मूठ आवळता.

उजव्या मुठीत जी बोटे पत्तीला आत ढकलतात, तीच डाव्या मुठीत उलट दिशेने वळतात आणि तिला बाहेर ओढतात. मूठ जितकी घट्ट, तितका अडसर ढिला. पत्ती सरकली तशी तुम्ही हात झटकन मोकळा केलात, जणू वाटच पाहत होतात. पाते मोकळ्या हवेत मिटले. आणि तेवढ्यात मुकादमाला हात दिसला.

"डाव्यानं नको, भाऊ," तो हळूच म्हणाला. "डाव्या हातचा डोळा लागत नाई. मालकाले मी काय सांगू?"

तुम्ही चाकू पुसलात, मला परत दिलात आणि जाऊन सोपाच्या ओल्या पट्ट्यांपाशी बसलात.

परतीच्या वाटेवर तुम्ही आपण होऊन बोललात. "तुह्या कुलपात खोट नाई. म्या हात बदलला, तेच तुले सांगतलं नाई."

मी विचारले, काऊन? शाळेत शिकलेले माझे मराठी त्या वेळी कुठे गेले कोण जाणे.

"तू इतक्या हौसेनं सांगून राह्यला होता त्या दिवशी. मधात तोडावं वाटलं नाई." थोडे पुढे गेल्यावर म्हणालात, "अन् डाव्याचं सांगाची लाजही वाटे."

मी लगेच सांगू लागलो की यात अवघड काहीच नाही, आकृती फक्त उलटी करायची, पत्ती दुसऱ्या अंगाला घालायची. आणि खरोखरच अवघड नव्हते. आता चुका माहीत होत्या. हिवाळा सरायच्या आत दुसरा चाकू तयार झाला. तुम्ही तो डाव्या मुठीत आवळून गोठ्याच्या खांबावर दाबून पाहिलात. अडसर पहाडासारखा उभा राहिला. तुम्ही म्हणालात, हे बरोब्बर आहे. पण सुरी तोवर भाच्याकडे गेली होती. आणि ती गेली नसती तरी डाव्या हाताला त्या बागेत जागा नव्हती. अडचण आता चाकूत उरलीच नव्हती, आणि चाकूबाहेरच्या अडचणीवर मला काही येत नव्हते. तुम्ही अखेरपर्यंत बांधणाऱ्यांच्या ओळीत राहिलात. त्या चाकूने तुम्ही केळीचा सोप चिरत असा. सोप मऊ असतो. त्याला अडसर लागत नाही, साधा विळाही पुरतो.

एकदा मी हट्ट धरला होता, तुम्हांला आठवत असेल. आपल्या अंगणात जंबेरीचे एक रोप होते. त्याला डाव्या हाताने एक डोळा लावा म्हटले. लागतो की नाही ते सगळ्यांना दिसेल. करून पाहावे, यावर माझी सारी श्रद्धा. तुम्ही त्या रोपाचे खोड अंगठ्याने चाचपून पाहिलेत.

"नाई लागला त ठीक हाये," तुम्ही म्हणालात. "पण लागला त मंग काय करू बे?"

पुढे मी कितीतरी पोरांना पत्तीचा ताव शिकवला, बुडाचा उतार फळ्यावर काढून दाखवला. ती पोरे दुरुस्तीच्या दुकानांत गेली, कारखान्यांत गेली, त्यांनी माझ्याहून सफाईने कामे केली. तुमची गोष्ट मी त्यांच्यापैकी कुणालाही सांगितली नाही. तिच्यातून शिकवण्यासारखे काही निघत नाही. रोप चांगले होते, डोळा चांगला होता, काप स्वच्छ होता, हात तरबेज होता, चाकू अगदी योग्य होता. आणि काहीही झाले नाही. अशी रचना फळ्यावर मांडता येत नाही.

हे कागद मी कुठे पाठवणार, आणि कुणाला वाचायला देणार? देणार नाही. लोक म्हणतील, बापाचा हात मुलाच्या ध्यानात यायला हवा होता. म्हणोत. मी इतकी वर्षे तुमच्याविषयी हळहळ वाटते असे सांगत आलो, मायलाही तसेच सांगितले, आणि ते खोटे नव्हते. पण खरे असे आहे, बाबा, की तुम्ही त्या संध्याकाळी मला मधेच तोडायला हवे होते. मुकादम तरीही नाहीच म्हणाला असता, हे मला कळते. तरी माझा तुमच्यावरचा राग अजून गेलेला नाही.